रस्त्यात जाणारा रायवळ आंबा: कोय रुजवायची की काडी घ्यायची?

परसबाग
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे गडग्याला लागून एक रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा आहे, पणजोबांच्या वेळचा. फळ लहान, रेषाळ, रस पातळ, आणि चोखताना शेपूसारखा वास येतो म्हणून घरात सगळे त्याला शेप्या म्हणतात. आता रस्ता रुंद होतोय. मोजणी झाली, खोडावर रंगाचा पट्टा आणि नंबर पडला. पावसाळ्यानंतर झाड जाणार. मोबदल्याचं व्हायचं ते होईल, त्यासाठी हा धागा नाही.

यंदा झाड चांगलं धरलंय. आत्याचं म्हणणं, कोयी रुजवा, शेप्याचीच पोरं ती, शेप्यासारखीच निघतील. चुलतभाऊ म्हणतो, त्यापेक्षा हापूसची चार कलमं लाव. मला दोन्ही पटत नाही. कोयीतून तोच आंबा येतो का? आणि कोकणात हापूसच्या एवढ्या बागा असताना एक रायवळ झाड गेलं, तर घरच्यांच्या हळहळीपलीकडे खरंच काही जातं का? जाणकारांनी सांगावं.

कलमी_बाग
कोयीवर विसंबू नका. काडी घ्या, म्हणजे झाडाची डहाळी कापून दुसऱ्या रोपावर कलम बांधा.

मी देवगडात कलमं बांधतो, वडीलही बांधायचे. कोयीचं झाड आठ-दहा वर्षांनी फळाला येणार आणि तेव्हा कळणार की आंबट निघालं. काडी बांधलीत तर तोच शेप्या, चार-पाच वर्षांत चाखायला मिळेल.

काडी यंदा मोहोर न आलेल्या डहाळीची घ्या, तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नको. तोडायच्या आधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून कापा. देठ आपसूक गळून पडले की डोळा तयार झाला समजायचं. खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बसवायची त्या रोपासाठी, रायवळाच्याच कोयी मिरगाच्या सुमाराला रुजत घाला. रोप पंधरवड्याचं, पानं अजून तांबूस आणि खोड लुसलुशीत असतानाच ते चार बोटांवर छाटायचं, मधोमध इंच-दीड इंच चीर द्यायची, काडीला दोन्ही अंगांनी उतरता काप घेऊन त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काप एका झटक्यात झाला पाहिजे. हात मध्येच थांबला तर काप सरळ येत नाही, सांध्यात हवा राहते आणि काडी काळी पडते. हे कोय कलम.

एक अडचण आहे. एवढ्या जुन्या झाडाला कलमाजोगी काडी सहसा मिळत नाही. आजच दोन-तीन फांद्या छाटून ठेवा. त्यांना जी नवी पालवी येईल ती ऑगस्ट-सप्टेंबरात मृदुकाष्ठ कलमाला, म्हणजे मोठ्या रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधायच्या कलमाला, चालेल. म्हणजे तोडणीच्या आधी हातात दोन संधी राहतात.

जनुकवेडी
@परसबाग, दादांनी सांगितलंय तसंच करा. मी पुण्यात वनस्पतींच्या जनुकांवर काम करते, माहेर दापोली. त्यामागचं कारण थोडं सविस्तर लिहिते.

आंब्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. कोय धरते तेव्हा प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईच्या झाडाकडून येतं आणि एक बापाकडून. बाप कोण हे बहुतेक वेळा माशी ठरवते, कारण आंब्याच्या मोहोरावर परागणाचं काम मुख्यतः माश्याच करतात. आईकडून येणारी २० सुद्धा ठरलेली नसतात. जोडीतलं हे की ते, एवढ्या निवडीचेच दहा लाखांहून जास्त प्रकार होतात, शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात ते निराळंच. दरवेळी नव्याने पिसलेले पत्ते. त्यामुळे शेप्याच्या एकाच घोसातल्या दोन कोयीसुद्धा एकसारख्या निघणार नाहीत. ती त्याची पोरं आहेत हे आत्यांचं म्हणणं खरं, पण शेपूचा वास कुणात उतरेल आणि कुणात नाही हे आधी सांगता येत नाही.

याला अपवाद बहुभ्रूणी आंब्यांचा. त्यांच्या एका कोयीतून दोन-चार कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईच्याच पेशींपासून झालेले, हुबेहूब आईसारखे असतात. केरळातले ओलूर आणि वेल्लाईकोलंबन तसले. हापूस एकभ्रूणी आहे. शेप्याच्या एका कोयीतून एकाहून जास्त कोंब आले तर जरूर इथे लिहा, मला फार उत्सुकता आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हापूस कोयीतून तसाच येत नाही, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या काडीवरच वाढत आलाय. आज रत्नागिरी-देवगडच्या कातळावर उभी असलेली हापूसची झाडं मुळात एकाच झाडाच्या फांद्या आहेत, अधूनमधून झालेले किरकोळ बदल सोडले तर. आणि ते पहिलं झाड? तेही कधीतरी कुणाच्या तरी परसात कोयीतूनच उगवलं होतं. म्हणजे हापूससुद्धा जन्माने रायवळच. कुणीतरी त्याची चव ओळखली आणि काडी घेतली म्हणून तो आपल्यापर्यंत आला. तुमचा शेप्या आज त्याच जागी उभा आहे. त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

वाचक_मालगुंड
ताई, सगळे हापूस एकच असतील तर कर्नाटकातला हापूस आमच्यासारखा का लागत नाही? हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरात मालावीचा हापूस येतो, तोही म्हणे इकडूनच नेलेल्या काड्यांचा.

जनुकवेडी
@वाचक_मालगुंड, डीएनए तोच असला तरी त्यातलं कुठलं जनुक केव्हा आणि किती जोरात चालेल हे माती, पाणी, ऊन, रात्रीचा गारवा यांवर अवलंबून असतं. हापूसच्या वासात टर्पीन वर्गातली द्रव्यं असतात, आणि फळ पिकायला लागलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन वर्गातली वाढतात. आढीतला तो गोड घमघमाट बराचसा यांचाच. ही द्रव्यं तयार करणारी विकरं (एन्झाइम) जनुकांवरून बनतात, पण प्रमाण जागेनुसार हलतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर पुष्कळ काम झालंय, आणि कोकणातल्या कोकणातसुद्धा गावागावाच्या हापूसच्या वासात फरक सापडलेत. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरतं, त्यामागेही हाच विचार आहे. काडी मालावीला नेता येते, जांभा आणि खारा वारा नेता येत नाही.

सह्यधार
एक शंका. शेप्या शंभरीच्या आसपासचा असणार. एवढ्या जुन्या झाडाचा डीएनए जीर्ण झालेला नसेल का? त्याच्या काडीचं कलमही म्हातारंच निघेल.

जनुकवेडी
स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या आवारात एक ओक आहे, २३४ वर्षांचा. त्याच्या खालच्या आणि वरच्या फांदीतला डीएनए ताडून पाहिला, तर खात्रीने सांगता येतील असे बदल अवघे १७ सापडले. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. ओकच्या जनुकसंचात कोट्यवधी अक्षरं असतात, त्या मानाने हे काहीच नाही. कोंबाच्या टोकाशी ज्या पेशींतून पुढची वाढ होते त्या फार कमी वेळा विभागतात, म्हणून नकला करताना चुकाही कमी होतात. तेव्हा शेप्याची काडी बिनधास्त घ्या.

उलट काडीचं वय कामाला येतं. कोयीच्या रोपाला बालपण पार करावं लागतं, काडी मात्र वयात आलेल्या झाडाची असते आणि ते वय ती सोबत घेऊन येते. कलम लवकर मोहोरतं ते त्यामुळे.

व्यवहारी
सगळं वाचलं. पण पोट हापूसवर चालतं. रायवळाला बाजारात कोण विचारतो? पाटीभर बिटक्यांना, म्हणजे लहान रायवळ आंब्यांना, जो भाव मिळतो त्यात मजुरीसुद्धा सुटत नाही. गावाकडे जागा किती, पाणी किती, माणसं किती, हे पुण्यात बसून दिसत नाही.

गजाली
आमच्याकडे बिटक्यांचा सासव (कालवण) करतत ता रायवळाचाच. हापूसचा करून बघा, जमाचा नाय.

कलमी_बाग
@व्यवहारी, तुमचं दुखणं खरं आहे. हापूसवरच माझंही घर चालतं. म्हणून तर सांगतो. हापूसचं कलम उभं राहतं कशावर? रायवळाच्या खुंटावर. रोपवाटिकेवाले दर मोसमात रायवळाच्या कोयी शोधत फिरतात, आणि पूर्वी वाडीत मिळायच्या त्या आता लांबून आणाव्या लागतात. रायवळ संपले तर हापूसला पाय राहणार नाहीत.

आणखी एक. वर सगळे हापूस सारखे, पण खाली प्रत्येक खुंट वेगळ्या कोयीचा. एकाच बागेत, एकाच खतावर एक कलम पंधरा वर्षांत दणदणीत होतं आणि शेजारचं खुरटं राहतं. त्यात जमिनीचा भाग आहेच, पण खुंटाचाही आहे. कातळात चिरा शोधत खाली जाणारं मूळ हापूसचं नसतं, ते रायवळाचं असतं.

जनुकवेडी
दादा, हे तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत.

@व्यवहारी, पोटाच्या बाजूनेच उत्तर देते. साका हा हापूसचा जुना दोष. बाहेरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट-पिवळट भाग, आंबट आणि बेचव. हा दोष हापूसच्या घडणीतलाच असल्यामुळे सगळ्या बागांना तो एकदम सतावतो. त्यावर टिकाऊ उत्तर मिळालं ते दुसऱ्या आंब्याशी संकर करून. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना तयार झाला, १९८१ साली दापोलीच्या विद्यापीठाने तो दिला. त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूसच्या संकरातून सिंधू आला, १९९२ साली, कोय अगदी पातळ. नीलम दक्षिणेतला आंबा, त्याला हापूसची सर नाही असं आपण म्हणतो. पण हापूसकडे जे नव्हतं ते त्याच्याकडे होतं. उद्या नवा रोग आला, फेब्रुवारीतच उकाडा वाढून मोहोर करपू लागला, तर लागणारं जनुक कुठल्या बिटकीत असेल ते आज कुणालाच माहीत नाही. २०२० साली हापूसचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, जवळपास ४० कोटी अक्षरांचा. तो वाचता येतो, पण त्यात नसलेलं जनुक त्यातून निघत नाही. ते दुसऱ्या झाडातूनच आणावं लागतं, आणि ते झाड तेव्हा उभं असावं लागतं.

अमेरिकेत चेस्टनटचं असंच झालं. १९०४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एक परदेशी बुरशी दिसली आणि पुढच्या काही दशकांत ३०० ते ४०० कोटी झाडं मेली. तिथल्या जातीकडे त्या बुरशीला तोंड देणारी जनुकं जवळजवळ नव्हती. चिनी चेस्टनटकडे ती होती, म्हणून आजही तिथे दोन्हींच्या संकरावर काम चाललंय.

माडवाला
मी श्रीवर्धनचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. आगरं झोपली. आजोबांनी लावलेले माड आणि पोफळी एका दुपारीत आडव्या. आंबेवाल्यांना निदान काडीची सोय आहे. माडाला कलम नाही, फांदी नाही, एकच कोंब. नारळ रुजवायचा आणि वाट बघायची. वादळानंतर मिळतील तिथून रोपं आणली लोकांनी, कुठल्या माडाची ते विचारायला वेळ कुणाला होता. आमच्या आगरात जे माड उभे राहिले त्यांचेच नारळ मी बियाण्याला ठेवले. हे बरोबर केलं का?

जनुकवेडी
@माडवाला, माझ्या मते बरोबर. फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. माड उभा राहिला तो त्याच्या मुळांमुळे की आडोशामुळे हे झाडाकडे बघून ठरवा. उघड्यावर असून टिकलेल्या माडाचं बियाणं जास्त मोलाचं. दुसरं, आपला बाणवली उंच जातीचा. उंच माडात परागण बहुतेक दुसऱ्या माडाचं होतं, त्यामुळे निम्मा वारसा शेजारच्या माडांचा येतो. एकाच माडाचे सगळे नारळ ठेवण्यापेक्षा पाच-सहा चांगल्या माडांचे थोडे थोडे ठेवा. ठेंगू माड बहुधा स्वतःच्याच परागावर धरतात, म्हणून त्यांची रोपं बरीचशी आईसारखी निघतात. उंच आणि ठेंगू यांचा पहिला संकर केरळात १९३० च्या दशकात झाला, तुम्ही लावता त्या टी बाय डी (उंच आणि ठेंगू माडांचा संकर) ची सुरुवात तिथली.

जगभरच्या माडांचा डीएनए तपासून २०११ साली असं दिसलं की त्यांची मुख्य घराणी दोनच, एक हिंदी महासागराचं आणि एक प्रशांत महासागराचं. तुमचा बाणवली पहिल्या घराण्यातला. हजारो वर्षं याच किनाऱ्याच्या वाऱ्यात निवडला गेलेला. कुठून आली ते माहीत नसलेली रोपं एकदम लावून तो पुसू नये असं मला मनापासून वाटतं.

रातांबा
कोकमाचंही लिहा कुणीतरी. आमच्याकडे बियांपासून लावलेले रातांबे सात-आठ वर्षं वाढवले, पाणी घातलं, आणि फुलावर आल्यावर कळलं की निम्मे नर. नर झाडाला फळ नाही. लोक चिडून सगळे नर तोडून टाकतात.

कलमी_बाग
@रातांबा, म्हणून कोकमाचं कलमच लावावं. मादी झाडाची काडी घेतली की कलम मादीच. दापोलीची कोकण अमृता तशीच मिळते. पण काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्या. आडव्या फांदीची घेतलीत तर कलम आडवंच पसरत राहतं, वर चढत नाही. आणि सगळे नर तोडू नका, बागेत एखाद-दुसरा हवाच.

जनुकवेडी
हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना देत असते. शेंडा आणि आडवी फांदी एकाच झाडाची, डीएनए तोच, पण आडव्या फांदीला आपली आडवी सवय काडीतूनही विसरता येत नाही. आणि बी रुजल्या रुजल्या पानाच्या तुकड्यावरून नर-मादी सांगणारी सोपी, स्वस्त चाचणी रोपवाटिकेत पोचली तर कोकणातल्या किती घरांची वर्षं वाचतील!

खाडीकाठ
आंबा-माडाच्या गर्दीत तिवराला, खाडीतल्या त्या खारफुटीच्या झाडाला, विसरू नका. मी आचऱ्याच्या खाडीजवळ राहतो. तिवराची पानं उन्हात निरखून पाहा, वर मिठाचे बारीक कण चमकतात. मुळाशी बरंचसं मीठ अडवायचं आणि आत आलेलं पानातल्या ग्रंथींतून बाहेर टाकायचं, ही सगळी त्याच्या जनुकांची करामत. २०२१ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच तिवराचा जनुकसंच वाचला, ३१ गुणसूत्रांच्या जोड्यांचा. चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात तिवराची जनुकं भातात घालून खारं पाणी सोसणाऱ्या रोपांवर काम झालंय. खाजणात शेती असणाऱ्याला विचारा याचा अर्थ काय. बांध फुटून एकदा खारं पाणी शिरलं की शेत काही वर्षं हातचं जातं.

पांढऱ्या चिप्पीला २०२० साली राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला, आनंद झाला. पण लागवडीच्या कार्यक्रमांत एकाच जातीची रोपं ओळीने लावलेली दिसतात तेव्हा काळजी वाटते. खाडीत चिप्पी, तिवर, कांदळ आपापल्या पाण्याच्या पातळीला उभे असतात, आणि बियाणं त्याच खाडीतलं घेतलेलं बरं.

सह्यधार
दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची दलदल पाहिलीय का कुणी? २०२१ साली तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. इतकी वर्षं ती टिकली ती गावाने देवराई म्हणून राखली म्हणून. पाण्यात बुडालेली जमीन आणि चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. असल्या जागेत उरलेली थोडी झाडं आपसातच फळत राहिली तर पुढे रोपं कमजोर होत जातात ना, ताई?

जनुकवेडी
हो, तोच मोठा धोका. छोट्या देवराईत जवळच्या नात्यातली झाडं एकमेकांत फळतात, दडलेले दोष वर येतात, बी कमी धरतं. दोन देवरायांच्या मधलं रान तुटलं की धनेश किंवा कबुतरांनी बी इकडून तिकडे नेण्याची वाटही तुटते. म्हणून फक्त देवराई राखून भागत नाही, मधली पाणंद आणि बांधावरची झाडंही लागतात.

सातबारा
थोडं कागदावरचं सांगतो. वनस्पतींचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ चा आहे. त्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवता येतो आणि झाडांच्या वाणाला १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. ते काम वेळ खातं, पण ग्रामपंचायतीतल्या जैवविविधता नोंदवहीत झाडाची नोंद करायला अडचण नाही. नाव, जागा, फळाचा मोसम, चव, घरात कशाला वापरतात, सगळं लिहून घ्यायला लावा. कर्नाटकात तुमकुरूकडे एका शेतकऱ्याच्या आवारातल्या तांबड्या गऱ्यांच्या फणसाची कलमं बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने केली, सिद्दू नावाने. विक्रीतला मोठा वाटा त्या शेतकऱ्याला जातो. एकच झाड होतं तेही.

व्यवहारी
हे मला माहीत नव्हतं. आमच्या बांधावर एक बरका फणस आहे, लोक लांबून गरे मागायला येतात. त्याची काडी कधी घ्यायची?

परसबाग
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्याला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. फांद्या छाटून घेतल्या. कोयीही रुजत घालतोय, खुंट म्हणून, आणि कोंब किती येतात तेही बघायचं आहे. शेप्याची काडी ज्यांना हवी त्यांनी इथेच लिहा, ऑगस्टमध्ये काढीन तेव्हा सांगतो. एकाच परसात त्याला ठेवायचा नाही असं आम्ही घरात ठरवलंय. देवगड, श्रीवर्धन, दापोली, जिथे कुणी लावेल तिथे.

कलमी_बाग
मला द्या, मी बांधून ठेवतो. @व्यवहारी, फणसाची काडीही पावसाळ्यातच, तुमचीही आणा.

काड्या पाठवताना सकाळी उन्हाच्या आधी तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि तीन दिवसांच्या आत माझ्याकडे पोचू द्या. प्रत्येक झाडाच्या काड्यांची जुडी वेगळी बांधा, आणि जुडीवर झाडाचं नाव, गाव, तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावा. पेनाची शाई ओलीने पुसते. दोन झाडांच्या काड्या एकदा मिसळल्या की फळ धरेपर्यंत कळत नाही कुठली कुणाची.